पासष्टीनंतर औषधांचा विमा (अमेरिका) : आपापले अनुभव सांगा

ह्यांना येत्या मार्चमध्ये पासष्ट पूर्ण होतील. मेडिकेअरचे, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याचे, कागद टेबलभर पसरून बसलो आणि तासाभरात डोकं गरगरलं. पार्ट ए म्हणजे हॉस्पिटल, बी म्हणजे डॉक्टर, इथवर कळलं. रोजच्या गोळ्यांसाठी मात्र पार्ट डी वेगळा, तोही खाजगी कंपनीचा, आणि प्रत्येक प्लॅनची औषधांची यादी निराळी. ज्यांनी हे स्वतःसाठी किंवा आईवडिलांसाठी निस्तरलंय त्यांनी कृपया लिहा. काय चुकलं तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होईल.

———

माझी चूक आधी सांगते. पासष्टाव्या वर्षी मला एकही गोळी नव्हती. उगाच हप्ता कशाला, म्हणून पार्ट डी घेतलाच नाही. अडुसष्टाव्या वर्षी थायरॉइड आणि बीपी दोन्ही मागे लागले. तेव्हा कळलं, की उशिराचा दंड महिन्यागणिक एक टक्का. माझे ३४ महिने भरले होते, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मूळ हप्त्याच्या ३४ टक्के रक्कम दरमहा जास्तीची, आणि पार्ट डी आहे तोवर कायमची. नोकरीतून तेवढ्याच तोलामोलाचा औषधविमा चालू असेल तर दंड लागत नाही. तसं पत्र मागून घ्या आणि जपून ठेवा. गोळ्या नसतील तर सगळ्यात स्वस्त प्लॅन घ्या, पण घ्या.

———

बाबांची रक्त पातळ करायची गोळी तीन वर्षं एकाच प्लॅनमधून येत होती. सप्टेंबरमध्ये पुढच्या वर्षीच्या बदलांचं जाडजूड पत्र आलं, ते मी जाहिरातींबरोबर टाकून दिलं. जानेवारीत बाबा फार्मसीच्या काउंटरवर, मागे रांग, आणि समोरची मुलगी सांगतेय की औषध वरच्या टियरला, म्हणजे महागड्या गटात गेलं, आता जास्त पैसे पडतील. बाबा मला हळूच म्हणाले, "राहू दे रे, पंधरा दिवस नाही घेतली तर काय बिघडतंय?" माझ्या पोटात गोळा आला. ती गोळी एक दिवसही चुकवायची नसते. भरले पैसे आणि घेतली.

प्लॅन दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात बदलता येतो. आता त्या पहिल्याच शनिवारी मी बाबांच्या सगळ्या बाटल्या ओळीने मांडतो आणि नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, हे सगळं मेडिकेअरच्या साइटवर भरतो. फार्मसीसुद्धा निवडतो, कारण तेच औषध दुसऱ्या दुकानात महाग पडू शकतं. नुसता हप्ता बघू नका, वर्षाचा एकूण खर्च बघा. अडलात तर प्रत्येक राज्यात 'शिप' या सरकारी मदत योजनेचे सल्लागार आहेत. ते पैसे घेत नाहीत आणि काही विकतही नाहीत.

———

आईवडील ग्रीन कार्डवर आले असतील तर मेडिकेअरआधी सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं. आम्ही तोवर मार्केटप्लेसचा (सरकारी साइटवरून घ्यायचा खाजगी विमा) प्लॅन घेतला. आईने भारतातून आणलेल्या पट्ट्यांवरची ब्रँडची नावं इथे कुणाला कळेनात. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, ते भिंग घेऊन वहीत उतरवलं. पॅरासिटामॉललासुद्धा इथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात!

———

आमच्याकडे ह्यांची कॅन्सरची गोळी आणि इन्सुलिन, दोन्ही. इन्सुलिनला २०२३ पासून महिन्याला ३५ डॉलरच्या वर पडत नाहीत. आणि २०२५ पासून यादीतल्या औषधांवर स्वतःच्या खिशातून करायच्या खर्चाला वर्षाची मर्यादा आली, तेव्हा २००० डॉलर होती, २०२६ साठी २१००. आमची ती मर्यादा जानेवारीतच गाठली जाते. तेवढे एकदम भरणं जड जात असेल तर प्लॅनला सांगून महिन्यांवर वाटून घेता येतात. व्याज लागत नाही, पण हे आपणहून मागावं लागतं.

गेल्या वर्षी प्लॅनने कॅन्सरच्या गोळीला पूर्वमंजुरी (काही औषधांना आधी घ्यावी लागणारी परवानगी) नाकारली. मंगळवारी दुपारी फोन आला तेव्हा घरात चार दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. डॉक्टरांच्या नर्सने 'तातडीचं' असं लिहून फेरविचारासाठी अर्ज पाठवला. फेरविचाराच्या साध्या अर्जाला सात दिवस लागू शकतात, तातडीच्या अर्जाला ७२ तासांत उत्तर द्यावं लागतं. बुधवारी संध्याकाळी मंजुरी आली, शुक्रवारी गोळ्या घरात होत्या.