पेन्टेकॉस्टचा आज आपल्या मंडळीसाठी अर्थ काय?

वाटसरू:
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, उपासनेत तरुणांसाठी थोडं बोलायला सांगितलंय मला, बायबलमधला प्रेषितांची कृत्ये २ रा अध्याय (अग्नीच्या जिभा दिसल्या आणि शिष्य न शिकलेल्या अन्य भाषा बोलू लागले तो) परत परत वाचतोय पण अडकलोय. आमच्यात काहीजण म्हणतात अन्य भाषा बोललात तरच आत्मा मिळाला, आणि बाकीच्यांना तो ईस्टरनंतरचा अजून एक रविवार, वेदीवर लाल कापड आलं की झालं. एका मुलीने सरळच विचारलं, मला अन्य भाषा येत नाही म्हणजे माझ्यात आत्मा नाही का? काय सांगू तिला?

जुना_वाचक:
तिला पौलाच्या १ करिंथ पत्राचा १२ वा अध्याय वाचायला सांगा. सगळेच अन्य भाषा बोलतात काय, असं पौलच विचारतो तिथे. १४ व्या अध्यायात तर म्हणतो मंडळीत अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बरे. अन्य भाषांच्या दानाला तो नाही म्हणत नाही हं, स्वतः बोलायचा, पण त्यावरून कुणाला कमी लेखायचं हे त्याला मान्य नाही.

दिवटी:
आपण बोलणाऱ्यांकडेच बघत बसतो असं मला वाटतं, पहिल्या पेन्टेकॉस्टला ऐकणारे कोण होते ते बघा ना. पार्थी, मेदी, एलामी, मिसरचे, रोमहून आलेले, अरब... यातल्या बहुतेकांचं ग्रीक किंवा अरामीवर भागलं असतं, तरी देवाची महत्कृत्ये ज्याला त्याला आपापल्या जन्मभाषेत ऐकू आली, आधी गालीली लोकांची भाषा शिकून या असं कुणाला म्हटलं नाही. मग आज आपल्या उपासनेत कुणाला काहीच कळत नाही, बहिरे आहेत का, कामासाठी बाहेरून आलेली कुटुंबं आहेत का, हा प्रश्न त्या दिवशी विचारायलाच हवा. आणि २ ऱ्या अध्यायावर थांबू नका, ६ वा वाचा. त्याच आत्म्याने भरलेल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, कुरकुर झाली आणि प्रेषितांनी ती दाबली नाही, सातजण निवडायला लावले, अट काय तर आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असावेत. जेवण वाटायच्या कामासाठी! आणि साताही जणांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार बहुधा त्यांच्याच लोकांच्या हाती कारभार दिला. मला यात आत्म्याचं काम अग्नीच्या जिभांइतकंच स्पष्ट दिसतं.

शांतीसदन:
दिवटीताई पटलं, पण नुसती समाजसेवा होऊ नये एवढंच. येशूच्या स्वर्गारोहणानंतर ते सगळे शिष्य एकचित्ताने प्रार्थनेत टिकून होते, स्त्रियाही होत्या, येशूची आई मरीया होती. तिथून पुढे सगळं घडलं. आणि पेत्राने त्या दिवशीच्या भाषणात योएल संदेष्ट्याचं वचन घेतलं त्यात तुमचे पुत्र व तुमच्या कन्या असं आहे. वाटसरू भाऊ, त्या मुलीला त्या दिवशी वाचन द्या की.

वाटसरू:
मनापासून आभार. वाचनाचं पाळकांशी आजच बोलतो, आणि ६ वा अध्यायही घेतो. आमच्याकडे मदतवाटपाची यादी कोण करतं हे मलाच माहीत नाही, तेही विचारतो.