हौस माझी आणि नाव पोरीचं? (नाताळ, कुलकुल आणि गवताच्या काड्या)

वाडीतली (२ डिसेंबर)
माहेर वसईच्या एका वाडीतलं, आता मुक्काम मीरा रोडला दोन खोल्यांत. लेक साडेचार वर्षांची. गेली तीन वर्षं आमचा नाताळ म्हणजे मॉलमधल्या झाडासमोर फोटो आणि विकतचे अर्धा किलो कुलकुल (गोड पिठाचे तळलेले शिंपले). यंदा घरचं पुन्हा सुरू करायचं ठरवलंय.

साधारण १२ तारखेला करवंट्यांत गहू पेरायचे, म्हणजे २४ पर्यंत येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यापुढे हिरवं शेत उभं राहतं. एका रविवारी कुलकुल वळायचे. माझी आजी जेवणाच्या काट्यावर नाही, फणीवर वळायची. ती फणी त्याच कामाची, केसांना कधी लागली नाही. पिठाची गोळी दातांवर अंगठ्याने दाबून पुढे सरकवली की शिंपल्यासारखी आपोआप गुंडाळते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात प्यारी. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, रिकामी गव्हाणी मांडून ठेवायची. पोराने काही चांगलं केलं की त्याने स्वतः त्यात गवताची एक काडी टाकायची. बाळ येशू २४ च्या रात्रीच ठेवायचा. त्याची गादी मऊ की टोचरी, ते पोरांच्या हातात.

नवरा म्हणतो, हौस तुझी आणि नाव पोरीचं. तुम्हाला काय वाटतं?

दोन पोरांची आई
नवऱ्याशी शंभर टक्के सहमत. वाडीत कुलकुल कसे व्हायचे ते आठव. जेवणं आटोपली की आजी, काकू, शेजारणी परात मधे घेऊन बसायच्या. दोन किलो मैदा गप्पांत संपायचा आणि पोरं मधूनच कच्चं पीठ पळवायची. आता मळणार तू, वळणार तू, तळणार तू, ओटाही तूच पुसणार. पोरगी पंधरा मिनिटांत उठेल आणि तू तिच्यावर ओरडशील. लिहून ठेव. त्यापेक्षा चर्चच्या महिला मंडळाकडून घे, चार घरांना हातभार लागतो. परंपरा परंपरा म्हणतो त्यात निम्मे बायकांचे हात असतात.

वाडीतली
तळायचं नवऱ्याने कबूल केलंय.

दोन पोरांची आई
कबूल केलंय! बरं.

नगरकर
आम्ही नगरचे प्रॉटेस्टंट. घरात गोठा कधी नव्हता. आमचा नाताळ म्हणजे कॅरल, नाताळची गाणी, म्हणणारी टोळी. ढोलकी, झांजा, मफलर गुंडाळलेले दहा-पंधरा जण रात्री दोनला दार वाजवायचे. आई झोपेतून उठून चहा टाकायची, डब्यातल्या करंज्या नि शंकरपाळे काढायची. फराळ दिवाळीसारखाच, फक्त दीड-दोन महिने उशिरा. मला चार वर्षांचा असल्यापासूनचं आठवतंय ते हेच, अंथरुणातून ऐकलेली ढोलकी.

म्हणून म्हणतो ताई, बंद दाराआड तिघांनी केलेलं मुलांच्या लक्षात राहीलच असं नाही. दार वाजलं पाहिजे, नाहीतर आपण वाजवलं पाहिजे. गोव्यात घरच्या गोडाची ताटं शेजाऱ्यांकडे जातात, त्याला कोन्सुआद म्हणतात. कुलकुल अर्धा किलोच करा, पण पोरीच्या हातात ताटली देऊन मजल्यावरच्या चार दारांवर पाठवा. मीरा रोडला त्यातली तीन दारं तरी आपल्या धर्माची नसतील. उत्तमच.

जुनाजाणता
‘पुन्हा सुरू करायचं’ या शब्दांनाच माझी हरकत. मूळ कुठलं धरायचं? गोठा मांडायची रीत संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात जिवंत बैल आणि गाढव उभं करून लोकप्रिय केली. मेणबत्त्यांचं आगमनचक्र १८३९ चं, हॅम्बर्गच्या एका पाद्र्याने अनाथाश्रमातल्या मुलांसाठी केलेलं, कारण पोरं रोज विचारायची नाताळला किती दिवस उरले. तुमच्या आजीने तरुणपणी मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली उपासना) लॅटिनमध्ये ऐकली असणार. मराठी आली ती कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५). तेव्हाही म्हातारे कुरकुरले असतीलच. तेव्हा मॉलमधल्या सांतालाही घरात घ्या. पन्नास वर्षांनी तुमची नात त्याला ‘आजीकडची पद्धत’ म्हणेल.

खडूस
सांताला घ्या न घ्या, मला गवताची काडी खटकते. सांता यादी करतो, कोण शहाणं आणि कोण वांड. तुमची काडी म्हणजे तीच यादी, फक्त शाकाहारी. साडेचार वर्षांच्या पोरीने भाजी संपवली की गवत टाकायचं, म्हणजे चांगुलपणाचा हिशेब शिकवायचा. माझ्या लहानपणी आमच्याकडे हेच होतं. मी नि भाऊ एकमेकांच्या काड्या मोजायचो. माझ्या जास्त भरल्या की तो रात्री उठून उपसायचा. बाळ येशू दोन वर्षं तसा उघड्यावरच झोपला.

वाडीतली
हसले, पण मुद्दा लागला. तरी फरक आहे. सांताची यादी दुसरा कुणीतरी लपून करतो आणि बदल्यात खेळणं देतो. काडी पोर स्वतः टाकते आणि तिला मिळत काहीच नाही, मिळतं ते बाळाला. मी मोजणार नाही. कशासाठी टाकलीस हेही विचारणार नाही.

खडूस
बघू किती दिवस विचारत नाही ते.

वाडीतली (२१ डिसेंबर)
खबरबात. गहू दोन करवंट्यांत छान आले, तिसरीत बुरशी धरली. पाणी जास्त झालं, रोज पाच वेळा घालायची पोरगी. काल कुलकुल. पंधरा नाही, चाळीस मिनिटं बसली. तिचे शिंपले कमी आणि चपटे किडे जास्त. मग नारळाच्या दुधाची वाटी लवंडली, पीठ फरशीभर. आणि हो, मी ओरडले. चांगलीच.

ती काही बोलली नाही. संध्याकाळी गव्हाणीपाशी गेली, एक काडी उपसली आणि माझ्या हातात दिली. “ही तुझी.”

मी टाकलेली ती एकच होती त्यात.

दोन पोरांची आई
लिहून ठेव म्हटलं होतं.

खडूस
हिशेब सुरू झाला म्हणायचा. परत ठेवलीस का?

वाडीतली
अजून नाही. फ्रीजवर ठेवलीय. अर्ध्या पिठाचं तळण बाकी आहे आणि नवऱ्याला आज ऑफिसात काम निघालंय. ते चपटे किडे मात्र चारही दारांवर जाणार, नगरकर.