चार भाषा, चार पेहराव: वस्तीत मास्क खरोखर नाकावर कसा टिकवायचा?

पूर्वभाग_स्वयंसेवक:
सोलापूरच्या पूर्व भागासाठी साथीच्या तयारीचा आराखडा लिहितो आहोत. करोनासारखी श्वासातून पसरणारी साथ पुन्हा आली तर पहिल्या आठवड्यात कोणी काय करायचं, हे आत्ताच ठरवून ठेवायचं आहे. वस्तीत घरी तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं आहेत, उर्दू-दखनी बोलणारे मुस्लिम आहेत, शिवाय कन्नड आणि मराठी. बायका घरी विड्या वळतात, पुरुष बरेचसे यंत्रमागावर. मागच्या वेळी भर दंडावर आणि भोंग्यावर होता, आणि मास्क हनुवटीवर राहिले. चार भाषांत पत्रकं छापली की पुरे होईल का? बचत गटांकडून कापडी मास्क शिवून घ्यावेत का?

साथरोग_टिपण:
पत्रकांवर खर्च करण्याआधी बांगलादेशातला प्रयोग वाचा. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१, ६०० गावं, सुमारे ३ लाख ४० हजार प्रौढ. घरोघर फुकट मास्क दिले, का आणि कसा लावायचा ते सांगितलं, इमाम आणि गावातली वजनदार माणसं स्वतः मास्क लावून पुढे आली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाजारात माणसं उभी राहून न लावणाऱ्याला तिथल्या तिथे आठवण करून मास्क हातात देत होती. नीट मास्क लावणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. मोबाईलवरचे संदेश, बक्षिसं, वचन घेणं यांनी त्यात भर पडली नाही.

म्हणून पैसा माणसांवर घाला. जागा तुमच्याकडे ठरलेल्याच आहेत: विडी कारखान्यात माल द्यायची रांग, मागाची पाळी बदलते ती वेळ, मार्कंडेय मंदिर, जुम्म्याची नमाज. आठवण करणारा त्याच गल्लीतला, तीच भाषा बोलणारा हवा. घरी तेलुगू बोलणाऱ्याला तेलुगू वाचता येईलच असं नाही, तेव्हा छपाईची लिपी विचारून ठरवा.

वाटलेले मास्क मोजू नका, नाकावरचे मोजा. एकच जागा, एकच वेळ, ओळीने १०० माणसं आणि तीन रकाने: नाक-तोंड झाकलेलं, नाक उघडं, मास्क नाही. मोजणारा आणि वाटणारा वेगळा ठेवा, नाहीतर वाटणारा दिसताच मास्क वर चढतात आणि आकडा फुगतो. पहिली मोजणी वाटपाच्या आधी करा.

सुई_दोरा:
कापडी मास्कबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये तीन थर सुचवले होते: आत सुती, मध्ये न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन (कापडासारख्या पिशव्यांचं असतं ते), बाहेर पॉलिस्टर. सुती कापड आधी धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि मास्क नाकावरून घसरतो. तुकडा १०×६ इंच. ३६ इंच पन्ह्याच्या एका मीटरमधून असे १८ निघतात. नाकाशी वाकणारी तार हवीच. ती नसली की श्वास वरून सुटतो, चष्म्यावर वाफ धरते आणि माणूस मास्क खाली ओढतो. इस्त्री करू नका, मधला थर आकसतो. टॉवेलचं कापड इथे मुबलक आहे, पण ते मास्कला वापरू नका: ओलं लवकर होतं आणि श्वास जड होतो.

निम्मे मास्क कानाच्या इलॅस्टिकचे शिवा, निम्मे डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचे. नकाब किंवा टोपी घालणाऱ्यांना आणि कानात यंत्र असणाऱ्यांना नाड्याच सोयीच्या. पातळ जॉर्जेटचा नकाब किंवा पदर म्हणजे एकच सैल थर. "पदर काढा" असं कोणत्याही ताईला म्हणू नका. "मास्क आतून, पदर वरून" एवढं सांगा, वाद होत नाही.

विडी वळताना बोटांना तंबाखू लागलेला असतो. त्याच हाताने मास्क सारखा केला की नाक चुरचुरतं आणि तो दिवसभर सुपाशेजारी पडून राहतो. त्यामुळे सूप मांडीवर घेण्याआधीच मास्क बांधायचा, हे वाटताना करून दाखवा.

पूर्वभाग_स्वयंसेवक:
मागावरचे कामगार म्हणतात, आवाजात मास्क लावून बोललेलं कळत नाही. आणि माणशी किती द्यावेत?

साथरोग_टिपण:
मागाच्या खडखडाटात ते ओठ बघूनच बोलणं समजून घेतात, त्यामुळे तक्रार खरी आहे. धागा तुटला, कांडी संपली, मालकाने बोलावलं अशा पाच-सहा निरोपांच्या हाताच्या खुणा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. ऐकू न येणाऱ्यांसाठी पारदर्शक खिडकीचे थोडे मास्क ठेवा. आतून साबणाचा पातळ हात फिरवला की वाफ कमी धरते.

कापडी असतील तर माणशी ३: एक तोंडावर, एक वाळत, एक सुटा. मागावर घामाने भिजतात, तिथे ४ द्या. पण पैसे पुरत असतील तर सर्जिकल घ्या. त्याच प्रयोगात सर्जिकल मास्क साबणाने १० वेळा धुऊनही गाळण कापडीपेक्षा बरीच चांगली राहिली. एन-९५ वाटायचे असतील तर झडपेचे नकोत, त्यातून उच्छ्वास न गाळता बाहेर येतो. दाढीवर एन-९५ घट्ट बसत नाही. ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्ती नको.