दाभोळच्या जहाजातला गॅस रॉकेटला चालेल का?

अंजनवेलची_ताई:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे टाळकेश्वरच्या दीपगृहावरून गॅसचं जहाज धक्क्याला लागलेलं दिसतं. त्यात उणे १६२ अंशांवर द्रव केलेला मिथेन असतो म्हणे. लेक नववीत आहे आणि डोक्यात सदा रॉकेट. तो विचारतो, नव्या रॉकेटांत मिथेनच जाळतात, मग हाच का नाही भरत? आणि हायड्रोजन सगळ्यांत जोरदार, तर सगळे तोच का नाही वापरत? मला सिलिंडर बदलण्यापलीकडचं काही कळत नाही. कुणीतरी नीट सांगा.

मिरकरवाडा_बंदर:
डिझेल घाला. रॉकेट चंद्रावर पोचेल, परतावा तेवढा यायचा राहील 😄 पण खरंच विचारतो, आमच्या बोटीला ऑक्सिजनची टाकी लागत नाही, रॉकेटला का?

लोटेवाला:
मी लोट्याच्या एमआयडीसीत शिफ्टवर असतो, रॉकेटवाला नाही. पण रॉकेटात जाणारं एक रसायन आमच्याकडे ड्रमने येतं, म्हणून लिहितो.

आधी मिरकरवाडा. बोटीचं इंजिन हवा ओढतं. रॉकेटला जिथे जायचंय तिथे हवाच नाही, तेव्हा ऑक्सिजन घेऊनच निघायचं. आणि वजनात भर त्याचीच जास्त. मिथेनच्या एका किलोला ऑक्सिजन साडेतीन किलोच्या आसपास.

ताई, हायड्रोजनच्या जोराबद्दल वादच नाही. पण द्रव करायला उणे २५३ अंश, आणि एवढं करून लिटरभर हायड्रोजनचं वजन फक्त ७१ ग्रॅम! मिथेनचं ४२०, रॉकेलचं ८०० च्या घरात. म्हणजे टाकी अवाढव्य. म्हणून इस्रोने तो आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या वरच्या टप्प्यात ठेवलाय, सीई-२० इंजिनात. गंमत अशी की एक किलो हायड्रोजन पुरता जळायला आठ किलो ऑक्सिजन लागतो, पण इंजिनात पाचच्या आसपास देतात. मुद्दाम! न जळलेला हायड्रोजन हलका, त्याने झोताचा वेग वाढतो. आमच्या प्लांटवर असं अर्धवट जाळलं तर मेमो हातात पडेल.

लेकाला चांद्रयान-३ चं उड्डाण परत लावून द्या, १४ जुलै २०२३ चं, तेही याच रॉकेटवरून झालेलं. उठताना बाजूचे दोन एस-२०० बूस्टर तेवढेच जळतात. त्यात घन इंधन: ऑक्सिजन पुरवायला अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड, आणि एचटीपीबी नावाचं रबर, जे सगळं बांधूनही ठेवतं आणि स्वतःही जळतं. पांढरा लोट दिसतो तो मुख्यतः ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, सोबत हायड्रोजन क्लोराइड. एकदा पेटवलं की मधेच बंद करायची सोय नाही.

मधली विकास इंजिनं पावणेदोन मिनिटांनी पेटतात, आणि आमचा ड्रम तिथे येतो. त्यांचं इंधन यूएच-२५, म्हणजे ७५ टक्के यूडीएमएच (हायड्राझिनच्याच कुळातलं रसायन) आणि २५ टक्के हायड्राझिन हायड्रेट. हे हायड्रेट आम्ही नायट्रोजनच्या दाबाने ड्रममधून ओढतो. वास अमोनियासारखा, पण वास आला म्हणजे मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते, त्यामुळे नाकावर भरवसा नाही. मे महिन्यात रबरी सूट चढवून, हवेची नळी लावून उभं राहायचं आणि बाहेर आल्यावर बुटातला घाम ओतायचा. यूडीएमएच मी हाताळलेलं नाही. त्याला मासळीचा वास असतो, आणि त्यात नवल नाही, मासळीचा वासही अमाइन नावाच्या तसल्याच रसायनांचा.

जोडीला, ऑक्सिजन पुरवायला, नायट्रोजन टेट्रॉक्साइड. ते २१ अंशांनाच उकळतं, म्हणजे गुहागरात जानेवारीच्या दुपारीसुद्धा, म्हणून दाबाखाली ठेवावं लागतं. दोघांची गाठ पडली की ठिणगीशिवाय पेट घेतात. इतकं विषारी असून वापरतात ते एवढ्यासाठीच: पेटण्याची खात्री, आणि गोठवणाऱ्या टाक्यांची कटकट नाही.

आता तुमचं जहाज. त्यातला गॅस बहुतांश मिथेनच, पण थोडा इथेन, प्रोपेन असतो आणि प्रमाण माल कुठला त्यावर बदलतं. शेगडीचं त्यावाचून काही अडत नाही. रॉकेटात मात्र तेच इंधन इंजिनाच्या भिंतीतल्या बारीक नळ्यांतून फिरवून भिंत थंड ठेवतात. जड हायड्रोकार्बन तिथे तापून काजळी धरतात, नळ्या तुंबतात. तेव्हा चालेल, पण शुद्ध करून. मिथेनवर कक्षेत पोचलेलं पहिलं रॉकेट चीनचं झूचे-२. तेही चांद्रयान-३ च्या दोनच दिवस आधी, १२ जुलैला.

देवबागचो_झील:
माका एक सांगा, हायड्रोजन जळलो काय नुसता पाणी. मगे प्रदूषण नायच मां?

लोटेवाला:
झोतात पाणी, बरोबर. पण हायड्रोजन आणता कुठून? जगात बराचसा नैसर्गिक वायू वाफेबरोबर तापवूनच काढतात आणि कार्बन डायऑक्साइड तिथेच सुटतो. लांब कशाला, अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात अमोनियासाठी हायड्रोजन नैसर्गिक वायूपासूनच काढतात.

अंजनवेलची_ताई:
धन्यवाद दादा. लेकाने सगळं वहीत उतरवून घेतलं. आता म्हणतो, दहावीनंतर सायन्सच. आमच्या ह्यांना आयटीआय हवं होतं, बघू.