पश्मी कुत्र्याचे पिल्लू: बरगड्या दिसतात, आहार वाढवावा का?

प्रश्न (उदगीर तालुका)
नमस्कार. शेताच्या राखणीसाठी आम्ही पाच महिन्यांचे पश्मीचे पिल्लू आणले आहे. ज्वारीची भाकरी आणि दूध पोटभर देऊनही त्याच्या बरगड्या दिसतात. दिवसभर ते साखळीला असते. सोडले की शेजारच्या शिवारापर्यंत धावत जाते आणि हाकेला वळत नाही. आहार वाढवावा का? पश्मी आणि मुधोळ या वेगळ्या जाती आहेत का?

उत्तर (लातूर)
कारवानी, मुधोळ आणि पश्मी ही एकाच घराण्यातली कुत्री आहेत. कान, पाय व शेपटीवर लांब केसांची झालर असली की त्याला आपल्याकडे पश्मी म्हणतात. व्यापारी तांड्यांबरोबर पश्चिम आशियातून आलेल्या सलुकी या शिकारी जातीसारख्या कुत्र्यांपासून ही पैदास झाली, असे मानले जाते. मुधोळचे नाव मात्र कर्नाटकातील मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांमुळे रूढ झाले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये मुधोळवर तिकीटही काढले. हे कुत्रे वासापेक्षा नजरेने सावज हेरते आणि एकदा सावजामागे पळू लागले की त्याला दुसरे काही ऐकू येत नाही, म्हणून तुमचे पिल्लू हट्टी आहे असे कृपया समजू नका.

उत्तर (परभणी, पशुवैद्यक)
या जातीत शेवटच्या एकदोन बरगड्या दिसणे स्वाभाविक आहे. कण्याची हाडे वर आली असतील किंवा केस निस्तेज असतील, तर आधी जंतांचे औषध द्यावे आणि गोचीड तपासावेत. केवळ भाकरी वाढवून उपयोग नाही; उकडलेली अंडी किंवा हाडे काढलेले शिजवलेले मांस द्यावे, आणि दुधाने जुलाब होत असतील तर ते बंद करावे. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात टोचलेली नसेल, तर आता उशीर करू नका. अंगावर चरबी कमी असल्याने काही भूल देणारी औषधे या कुत्र्यांच्या शरीरात रेंगाळतात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना जात अवश्य सांगावी.

उत्तर (अहमदपूर)
दिवसभराची साखळी सोडा, ही माझी कळकळीची विनंती आहे. उन्हाळ्यात पहाटे आणि सूर्यास्तानंतर कुंपणाच्या आत मोकळे धावू द्यावे, आणि बाहेर नेताना हाकेला वळण्याची सवय लागेपर्यंत लांब दोरी ठेवावी. ससा किंवा काळवीट यांच्यामागे मात्र कधीही सोडू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार तो गुन्हा आहे. बसायला जाड गोणपाट द्या, नाहीतर उघड्या फरशीवर त्याच्या कोपरांना घट्टे पडतात.