मदत हवी आहे: एमजीबी जीटी (१९७१ची ब्रिटिश स्पोर्ट्स कार), गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह दोन्ही उघडायचे आहेत

चारही गिअरना सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणारी रचना) असलेला बॉक्स, मागे लेकॉक कंपनीचा एलएच प्रकारचा ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर). पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात घरघर येते, चौथ्यात बंद होते. दुसरा टाकताना करकरतो. ओव्हरड्राइव्ह थंड असताना लगेच लागतो, तापल्यावर चार-पाच सेकंद घेतो. बेअरिंग, सिंक्रो रिंग आणि सीलचा संच आणला आहे. आणखी काय बदलावं? जोडणी करताना काय सांभाळावं?

प्रतिसाद १

चौथा गिअर थेट असतो, लेशाफ्टवर (बॉक्समधल्या समांतर शाफ्टवर) भार येत नाही. म्हणून आवाज लेशाफ्टचाच. नुसते नीडल बेअरिंग बदलून भागणार नाही. शाफ्ट काढून नखाने चाचपा: खड्डे किंवा पोपडे लागले तर वरचा कठीण थर गेलाय, नवे बेअरिंगही तो लगेच खाईल. शाफ्ट नवाच घ्या. लेगिअरच्या (लेशाफ्टवरच्या गिअरसंचाच्या) आतली भोकंही तपासा. थ्रस्ट वॉशर वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. एंड फ्लोट (लांबीच्या दिशेची मोकळीक) ०.०५ ते ०.०८ मिमी ठेवा.

सिंक्रो रिंग गिअरच्या कोनावर (निमुळत्या भागावर) दाबून फिरवा, पकडायला हवी. नुसती घसरली तर बाद. नवी रिंग असूनही करकर राहिली तर हबच्या स्लीव्हचे (गिअर अडकवणाऱ्या सरकत्या कड्याचे) दात बोथट झालेत का बघा.

प्रतिसाद २

थांबा! एमजीबीत इंजिन आणि बॉक्स एकत्रच उतरवावे लागतात, म्हणून ओव्हरड्राइव्हची तपासणी गाडीत असतानाच करून घ्या. तापल्यावर उशीर म्हणजे पातळ झालेलं तेल कुठून तरी निसटतंय आणि दाब चढत नाहीये. रिलीफ व्हॉल्व्हच्या प्लगजागी गेज लावा, ओव्हरड्राइव्ह लागल्यावर ४०० पीएसआयच्या आसपास दिसायला हवं.

दाब कमी असेल तर आधी खालचं झाकण उघडून जाळी धुवा, मग सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या ओ-रिंग बदला. सोलेनॉइडचा षटकोन पातळ आहे, साधा पाना बसत नाही. घासून बारीक केलेला १ इंची पाना लागतो. त्यानंतर पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (तेल मागे जाऊ न देणारा): चेंडू बसतो ती कड चिरलेली असेल तर दाब टिकत नाही. दाब पुरेसा असूनही उशीर होत असेल तरच कोन क्लचच्या (ओव्हरड्राइव्ह गुंतवणाऱ्या निमुळत्या क्लचच्या) अस्तराकडे वळा.

प्रतिसाद ३

जोडणीत बहुतेक लोक अडकतात ते स्प्लाइनपाशी (शाफ्ट अडकतो त्या दातेरी खाचांपाशी). ओव्हरड्राइव्ह उभा ठेवा. आत प्लॅनेट कॅरिअर (छोटे गिअर धरणारा सांगाडा) आणि एकदिशा क्लच (एकाच दिशेने फिरू देणारा) अशा दोन स्प्लाइन एकाखाली एक असतात. खालची स्प्लाइन लांब स्क्रूड्रायव्हरने डावीकडे फिरवून वरचीशी जुळवा, मग आउटपुट फ्लँज हलवू नका. पंपाच्या कॅमचा उंच भाग प्लंजरपासून दूर ठेवा. बॉक्स पहिल्या गिअरमध्ये टाकून इनपुट शाफ्ट हळूहळू फिरवत खाली उतरवा. अडला तर परत उचला. नट आवळून ओढू नका, स्प्लाइनच्या कडा तुटतात.

धागाकर्ता

तेल कोणतं? किती?

प्रतिसाद २

२०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल, एकूण ३.४ लिटर, दोन्हींचं तेल एकच. जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल अजिबात नको, पितळी रिंगांना मारक आहे. ओव्हरड्राइव्ह भरायला बॉक्समधलं तेल ओढतो, म्हणून चाकं उचलून थोडा वेळ चालवा आणि पातळी पुन्हा बघा.

ओव्हरड्राइव्ह सुटत नसेल तर रिव्हर्स टाकू नका, एकदिशा क्लच फुटतो. कोन क्लच चिकटलेला असतो. बाहेरून दिसणाऱ्या ब्रेक रिंगवर मऊ हातोडीने गोलाकार ठोका.