मदत हवी आहे: बर्फाळ धावपट्टीवर आडवा वारा, चाकं टेकल्यावर विमान सरळ कसं ठेवायचं?

नमस्कार मंडळी,

चवथीसाठी डिचोलीला घरी आलोय. कॅनडात पायलटचं प्रशिक्षण घेतोय, सेस्ना १७२ या लहान विमानावर. परत गेलो की थोड्याच दिवसांत बर्फ पडायला लागेल, आणि गेल्या मार्चचा प्रसंग अजून डोक्यातून गेलेला नाही. घरी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दुपारी वारा १२ नॉट (ताशी साधारण २२ किमी), डावीकडून, धावपट्टीशी साधारण ४० अंशांवर. म्हणजे आडवा भाग जेमतेम ८ नॉट. १७२ च्या पुस्तकात आडव्या वाऱ्यासाठी १५ नॉटचा आकडा आहे, त्यामुळे मी निर्धास्त होतो. डावा पंख खाली, उजवा रडर (शेपटीवरची, पायाने चालणारी, नाक वळवणारी उभी पट्टी), नाक मध्यरेषेवर, डावं चाक आधी टेकलं. इथवर सगळं शिकवल्यासारखं. मग वेग उतरला तसं नाक डावीकडे, वाऱ्याकडे वळायला लागलं आणि विमान मात्र उजवीकडे सरकू लागलं. उजवा रडर पूर्ण दाबला, त्याच पेडलने वळणारं पुढचं चाक नुसतं घसरत राहिलं. घाबरून ब्रेक दाबला, तर उरलीसुरली पकडही गेली. कडेला लोटलेल्या बर्फाच्या ढिगाच्या अलीकडे कसंबसं थांबलो. कुणाला इजा नाही, विमानही शाबूत.

चूक माझीच होती. धावपट्टीचा अहवाल सकाळचा वाचला होता. धावपट्टीच्या स्थितीचा कोड कोरड्या पट्टीला ६ असतो, गोठून काचेसारख्या झालेल्या बर्फाला १ आणि त्यावर पाणी असेल तर ०. दुपारच्या उन्हात वरचा थर वितळला होता आणि मी सकाळच्याच भरवशावर उतरलो.

दाबोळी विमानतळावर पावसाळ्यात नाक तिरकं करून येणारी विमानं लहानपणापासून बघत आलोय. पण ओल्या डांबरावर चाकाला थोडीतरी पकड असते. पहिल्या पावसात स्कूटर घसरली तर पाय टेकून सावरता येतं, बर्फावर टेकायला काहीच नाही.

अडतंय ते शेवटच्या काही सेकंदांत. एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) वाऱ्याकडे पूर्ण वळवून ठेवायचे, ब्रेकला पाय लावायचा नाही, हे आता पक्कं झालंय. पण वेग इतका कमी होतो की रडरवर पुरेशी हवाच येत नाही, तेव्हा काय करायचं? एक इन्स्ट्रक्टर म्हणतात, थोडी पॉवर द्यायची, पंख्याची हवा शेपटीवर येते आणि रडर परत काम करतो. दुसरे म्हणतात, त्यात थांबायचं अंतर वाढतं, आणि बर्फावर तेच आधी कमी पडतं. मला दोघांचंही पटतं, म्हणूनच गोंधळ आहे. मोठी जेट विमानं निसरड्या पट्टीवर नाक थोडं तिरकं ठेवूनच टेकवतात असंही वाचलंय. १७२ सारख्या हलक्या विमानात तसं कुणी करतं का?

ज्यांनी स्वतः बर्फावर लहान विमान उतरवलंय त्यांनी कृपया लिहा. विमान कोणतं, पट्टी कशी होती आणि किती नॉट आडव्या वाऱ्याला तुम्ही दुसऱ्या विमानतळाकडे वळता, तेही सांगा.